उन्हाचा तास

एसटीत चढलं की माणूस आधी ऊन कोणत्या बाजूनं येणार ते बघतो आणि दुसऱ्या बाजूला बसतो. मंगरूळपीरहून आसेगावकडे जाणाऱ्या आमच्या सकाळच्या गाडीत हे गणित सगळ्यांना तोंडपाठ होतं. कोणी बकरी घेऊन चढलं तर तीसुद्धा सावलीकडे सरकायची. तायडे सर तेवढे उन्हाच्या बाजूला बसायचे, खिडकीशी, काच पूर्ण मागं सारून. शाळेत रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्यांना म्हटलं, "सर, इकडे जागा आहे, सावली आहे." ते म्हणाले, "मॅडम, फुकट येऊन राह्यलं ते. सोडाचं कायले?"

त्यानंतर कित्येक वर्षं आम्ही त्याच गाडीनं गेलो-आलो. मी सावलीत, ते उन्हात, मध्ये कंडक्टर. आमचं सगळं बोलणं कंडक्टरच्या पोटावरच्या पिशवीला वळसा घालून व्हायचं.

मी शाळेत मराठी शिकवते, ते विज्ञान शिकवायचे. बुटके, काळेसावळे, भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट. खिशाला पेन नसायचा, पण वीज मोजायचा मीटर असायचा आणि त्याच्या लाल-काळ्या दोन वायरी शर्टाबाहेर लोंबत असायच्या. दिसेल त्याला ते मीटर लावायचे. माझ्या डब्यातल्या लिंबाच्या फोडीला लावला, मुख्याध्यापकांच्या भिंतीवरच्या घड्याळातल्या सेलला लावला, एकदा गाडी बंद पडली तेव्हा एसटीच्या बॅटरीलाही लावला आणि ड्रायव्हरच्या शिव्या खाल्ल्या. मुख्याध्यापक म्हणायचे, "तायडे मेल्यावर यमाच्या रेड्यालेही मीटर लावन." सर हसायचे आणि म्हणायचे, "पण आंधी बंद, मंग हात." हे त्यांचं पालुपद होतं. कुठल्याही यंत्राला हात लावायच्या आधी ते बंद करा. मुलं एकमेकांच्या डब्यात हात घालतानाही हेच म्हणायची.

शनिवारी सकाळची शाळा. शेवटचा तास सरांनी मुख्याध्यापकांच्या मागं लागून स्वतःकडे घेतला होता. वेळापत्रकात त्याला 'व्यवसाय मार्गदर्शन' असं नाव होतं. मुलं त्याला उन्हाचा तास म्हणायची, कारण तो वर्गात क्वचितच व्हायचा. सर मुलांना घेऊन जवळच्या कोणाच्या तरी वावरात जायचे. तिथं सौरपंपाच्या प्लेटा उभ्या असत. आधी धुळीनं माखलेली प्लेट मोजायची, मग मुलांनी ती धुवायची, मग पुन्हा मोजायची. आकडा वाढला की पोरं नाचायची. शेतकरी खूश, कारण प्लेटा फुकटात धुऊन निघत. पंप बसवणारा फिटर, पवनचक्कीवर चढणारा, दुकानात बसून संगणकावर प्लेटांची आखणी करणारी मुलगी, असं कोणी ना कोणी ते शाळेत बोलावून आणायचे आणि मुलांसमोर उभं करायचे. "या धंद्यात इंजिनेर एक लागते, बाकीचे लय लागतात," ते सांगायचे. "आन् ते बाकीचे कुठून येतात? आकाशातून पडत नाही." मुली मागं मागं राहिल्या की म्हणायचे, "पोट्टीनं पाना हातात धरला तं पाना नाही म्हणते काय?"

मोठेपणी कोण होणार, हा प्रश्न त्यांनी कधीच कोणाला विचारला नाही. त्यांचं म्हणणं, त्याचं उत्तर पोरांना आधीच पाठ असतं. पोलीस, मास्तर, डॉक्टर. ते विचारायचे, "तुले काय खोलून पाहावंसं वाटते?" आठवीत आलेल्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला हा प्रश्न. कोणी म्हणे मोबाईल, कोणी म्हणे घड्याळ. एका मुलीनं तिच्या आजीचं डोकं म्हटलं होतं. सर म्हणाले, "तेही काम हाये. त्याले लय शिका लागते."

आता नारळाची गोष्ट सांगते. एका संस्थेनं शाळेला एक सोलर प्लेट भेट दिली. सरांचा आनंद गगनात मावेना. प्रयोगशाळेच्या गच्चीवर, टाकीच्या लोखंडी खांबांशेजारी, प्लेट उभी केली. आता आमच्याकडे नवीन ट्रॅक्टर येवो, मळणीयंत्र येवो की बोअरची मोटर, हळदीकुंकू आणि नारळ ठरलेलाच. या मानासाठी गावातले सगळ्यात वडीलधारे आबाजी बोलावले होते. आबाजींनी आयुष्यभर ट्रॅक्टरच्या हुकावर नारळ फोडलेले. गच्चीवर दगड कोणी आणलेला नव्हता. आबाजींनी इकडे-तिकडे पाहिलं, आणि समोर काय कडक दिसतंय तर प्लेट. कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी "जय बजरंगबली" म्हणून दणका दिला.

नारळही फुटला आणि प्लेटही. काच खाली पडली नाही, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत जाळी झाली. मुख्याध्यापकांच्या तोंडचं पाणी पळालं. संस्थेचे पाहुणे नुसतेच उभे. आबाजींच्या हातात अर्धी वाटी, तिच्यातून पाणी गळतंय. सर पुढं झाले. त्यांनी मीटर काढला, वायरी लावल्या, आकडा बघितला आणि वळून म्हणाले, "आबाजी, फुटली तरी चालू हाये! परसाद वाटा."

ती प्लेट त्यांनी बदलू दिली नाही. पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून वरून पारदर्शक चिकटपट्ट्या लावल्या आणि दर वर्षी नव्या लावल्या. प्रयोगशाळेतला एक दिवा तिच्यावर लागायचा. पुढं दसऱ्याला मुलांनी पूजा करायची म्हटली की सर सांगायचे, "हळदीकुंकू फक्त फ्रेमले. काचेवर लावलं तं ऊन कुठून जाईन?" त्यांच्या स्वतःच्या घरी असली पूजा नव्हती, बुद्धवंदना होती. पण पोरांना त्यांनी नको कधी म्हटलं नाही. जागा तेवढी दाखवून दिली.

गोपाल त्याच सुमाराचा. आठवीत सरांनी विचारलं, काय खोलून पाहावंसं वाटते, तर हा म्हणाला, "डीपी." गावाबाहेरचा तो विजेचा डीपी, ज्याच्याजवळ जाऊ नका म्हणून सगळे पोरांना ओरडतात. वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "खोलू. पण आंधी बंद."

गोपाल अभ्यासात यथातथाच, माझ्या विषयात तर काठावर. पण वायर सोलायला बसला की त्याची बोटं कशी चालत! घरी थोडी शेती, सोयाबीन आणि तूर. वडिलांची इच्छा त्यानं पोलीस भरतीला उतरावं. पोरगं रोज पहाटे डांबरी रस्त्यावर पळायचं. दहावीनंतर सर त्याच्या घरी गेले, आयटीआयला विजेच्या ट्रेडला घाला म्हणून सांगायला. त्यांच्या गल्लीतच माझ्या एका विद्यार्थिनीचं घर, तिथून येताना मीही सोबत होते. वडील बराच वेळ ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "तुमी म्हणता तं घालू." गोपालची आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. धाकटी साक्षी तिच्या मागं. आईनं एकच विचारलं, "सर, याच्यात भेव नाही ना?"

सर म्हणाले, "ताई, मी हाओ ना."

आमच्याकडे हे वाक्य दिवसातून दहादा बोललं जातं. पाहुण्याला, दुकानदाराला, तापात फणफणलेल्या लेकराला. त्याचा कोणी जमाखर्च ठेवत नाही. आई चहा ठेवायला आत गेली.

गोपाल शिकला, आणि एका ठेकेदाराकडे कामाला लागला. शेडवर, बंगल्यांवर प्लेटा बसवायचं काम. एक दिवस त्यानं सरांच्या मोबाईलवर स्वतःचा फोटो पाठवला. डोक्याला पिवळं शिरस्त्राण, अंगावर नारिंगी पट्टा, मागं निळ्या प्लेटांची रांग आणि त्यामागं मोकळं आकाश. सरांनी मंगरूळपीरच्या स्टुडिओतून तो फोटो मोठा करून आणला आणि प्रयोगशाळेत फळ्याशेजारी लावला. गाडीत मला तो तीन-तीनदा दाखवला. "पाहा मॅडम. तुमच्या इषयात काठावर पास होता."

मग एका दुपारी मुख्याध्यापकांना फोन आला. गोपाल पत्र्याच्या शेडवरून पडला होता. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्या दिवसाचं मला फारसं काही आठवत नाही. मी तास घेतला, हजेरी घेतली. घंटा झाली. गावात गेलो, माणसं जमली होती, आईचा आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकू येत होता. मी रडले नाही. रडू यावं म्हणून मी त्याचा काठावरचा पेपर आठवून पाहिला, त्याचं तिरपं अक्षर आठवून पाहिलं. काही झालं नाही. आत जणू कोणीतरी मेन स्विच पाडला होता. सरांचंही तसंच असावं. ते खांदा द्यायला पुढं झाले, स्मशानघाटावरून परत आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत नेहमीच्या जागी बसले. उन्हाच्या बाजूला, फक्त काच लावलेली.

तेव्हापासून मीटर कपाटात गेला. शनिवारचा तास वर्गात होऊ लागला. सर पुस्तकातला धडा काढायचे आणि प्रश्नोत्तरं लिहून द्यायचे. आवाजात चढ नाही, उतार नाही. मुलं मुकाट्यानं लिहून घ्यायची. आठवीत नवीन आलेल्यांना काय खोलून पाहावंसं वाटतं, ते कोणीच विचारलं नाही. फुटक्या प्लेटवरच्या पट्ट्या उन्हानं पिवळ्या पडल्या, त्याही बदलल्या गेल्या नाहीत. फोटो मात्र तिथंच. मुख्याध्यापकांनी चांगल्या मनानं सुचवलं, "काढून टाकू काय, सर?" सर म्हणाले, "राहू द्या."

तेराव्यानंतर ते एकदा गोपालच्या घरी जाऊन आले. गाडीत त्यांनी आपणहून सांगितलं. अंगणात बाजेवर बसले, आईनं पाणी आणलं, चहा आणला, वडील तुरीच्या भावाचं बोलले. "त्या माउलीनं मले एक शब्द बोलाले पाह्यजे होता, मॅडम," सर म्हणाले. "मी वाट पाहून राह्यलो होतो. बोलली नाही." कंडक्टर तिकिटं फाडत मध्येच उभा होता.

आणखी काही दिवसांनी त्यांनी एकदम विचारलं, "मॅडम, फोटोतला हूक पाह्यला काय तुमी?"

मी पाहिला नव्हता. शाळेत गेल्यावर पाहिला. पट्टा घातलेला, नीट आवळलेला. पट्ट्याला दोरी, दोरीच्या टोकाला लोखंडी हूक. तो हूक कुठंतरी पक्क्या जागी अडकवायचा असतो, म्हणजे माणूस घसरला तरी लोंबकळतो, पडत नाही. गोपालनं तो आपल्याच कमरेच्या कडीत अडकवून ठेवला होता, कामात पायात येऊ नये म्हणून. पडला त्या दिवशीही तो तसाच होता, असं सोबतच्या पोरांनी घरच्यांना सांगितलं होतं. "हा फोटो मी मोठा करून आणला," सर म्हणाले. "पोट्ट्यायले रोज दाखवला. आन् रोज मीही पाह्यला." इतकंच बोलून ते खिडकीबाहेर बघत बसले. काच लावलेलीच होती.

साक्षी, गोपालची बहीण, दहावीत आली. प्रयोगशाळेत ती फोटोच्या बरोबर समोर बसायची. ती तिकडे बघायची नाही, सर तिच्याकडे बघायचे नाहीत.

सर गेल्या उन्हाळ्यात निवृत्त झाले आणि मेडशीला आपल्या गावी राहायला गेले. निरोपसमारंभ झाला, भाषणं झाली, शाल दिली, नारळ दिला. नारळ हातात घेऊन ते म्हणाले, "दगड आणला ना?" आबाजी आता नाहीत, पण ज्यांना आठवत होतं ते हसले. सर हसले नाहीत. मला मात्र सर आठवतात ते त्या समारंभातले नाहीत, त्याच्या थोडं आधीच्या एका शनिवारचे.

त्या शनिवारी शेवटच्या तासाच्या सुमारास गोपालची आई शाळेत आली. मी व्हरांड्यात वह्या तपासत बसले होते. सर प्रयोगशाळेच्या दारात आले. त्यांचा चेहरा पाहून मला कळलं, त्यांना वाटलं होतं, आली, आता बोलणार. ते दोन्ही हात बाजूला सोडून, शिक्षेला उभ्या राहिलेल्या पोरासारखे उभे राहिले.

"सर," ती म्हणाली, "आमची साक्षी म्हणते, मी दादाचंच शिकतो. आयटीआयचा फारम भरतो म्हणते. तिच्या बापाचं आयकत नाही, माहं आयकत नाही. तुमी तिले नाही म्हणा. तुमचं आयकन ते."

सरांनी मान हलवली, ती हो म्हणून की नुसतीच, कळलं नाही. ते आत वळले. आई दारातच थांबली. मीही उठून तिच्यामागं जाऊन उभी राहिले. सरांनी खडू उचलला, तसा साक्षीनं हात वर केला.

"सर, दादाचा हूक कुठी लावाले पाह्यजे होता?"

तिनं हे अगदी साध्या आवाजात विचारलं, गणितातली पायरी विचारावी तसं. बोट फोटोकडे होतं. वर्गातल्या प्रत्येक पोरानं फोटोकडे पाहिलं, आणि तिच्या आईनंही, मला वाटतं, पहिल्यांदाच. सरांनी खडू ठेवला, कपाट उघडलं आणि आतून एक नारिंगी पट्टा काढला. कोरा करकरीत, दोरी आणि हुकासकट. तो त्यांनी कधी आणून ठेवला होता, शाळेत कोणालाच ठाऊक नव्हतं.

"चाला वर," ते म्हणाले.

कित्येक महिन्यांनी उन्हाचा तास उन्हात गेला. मुलं गच्चीच्या मधोमध अर्धवर्तुळात उभी राहिली. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर. सरांनी साक्षीच्या अंगावर पट्टा चढवला, एकेक बंद स्वतः ओढून पाहिला, आणि हूक टाकीच्या लोखंडी खांबाला अडकवला. "हा खांब सिमेटात गाडेल हाये. पायपाले नाही लावाचा, पत्र्याले नाही लावाचा, सोताच्या कमरीले तं कधीच नाही. आता मांगं रेल."

ती रेलली.

"पुरं वजन टाक. हात सोड."

तिनं हात सोडले. दोरी ताठ झाली. पोरगी खुर्चीत बसावी तशी हवेत मागं कलून राहिली, वेणी खाली लोंबत. खांब हलला नाही. पोरांतून कोणीतरी "बाप्पा!" म्हटलं.

आई पुढं आली. "सर, मी तुमाले काय सांगाले आली होती, आन् तुमी काय करून राह्यले?"

सरांनी साक्षीला सरळ उभं केलं. मग ते तिच्या आईकडे वळले. "ताई, मांगं मी तुमाले म्हटलं होतं, मी हाओ ना. चुकलं माहं ते. मी नव्हतो तेथं. इच्या वक्ताले बी मी नसन." त्यांच्या आवाजात रडणं नव्हतं, दिलासाही नव्हता. महिनोन् महिने प्रश्नोत्तरं लिहून देताना होता तोच आवाज. त्यांनी दोरी तिच्या हातात दिली. "हो म्हणाचं का नाही, ते तुमी ठरवा. पण पयले हे वढून पाहा."

तिनं दोरीकडे पाहिलं. मग एकदा ओढली, कोणी सांगितलं म्हणून ओढावी तशी. मग थांबली. पदर कमरेला खोचला, दोरीचा एक वेढा हाताला घेतला आणि पाय रोवून ओढली. पुन्हा ओढली. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या. दर हिसक्याला हूक खांबावर खण्‌ खण्‌ वाजत होता. साक्षी पट्ट्यात तशीच उभी, आईकडे बघत. माझ्या डोळ्यांत तेव्हाही पाणी आलं नाही. डोक्यावर ऊन चांगलंच तापलं होतं, जिन्यात दोन पायऱ्या खाली सावली होती, पण मला तिकडे जावंसं वाटलं नाही.

आई धापा टाकत थांबली. "नाही सुटत," ती म्हणाली.

सर तिच्या शेजारी उभे होते, फुटक्या प्लेटला पाठ लावून, तोंडावर पूर्ण ऊन.

"आणखीन वढा," ते म्हणाले. "जोरानं."